सात फेऱ्यांचा रहाटपाळणा

पाय पुसले का सर्वांनी? मग या, आणि नीट पडा. उशी डोक्याखाली घ्यायची असते, पोटाशी नव्हे. गोष्ट चालू असताना मध्ये बोलायचे नाही. हुंकार मात्र द्यायचा, म्हणजे कोण जागे आहे ते मला कळेल.

एकदा काय झाले, हिंदोळनगर नावाचे एक नगर होते, आणि त्या नगरात राजवाड्याहूनही उंच अशी एकच वस्तू होती. ती म्हणजे देवीच्या माळावरचा रहाटपाळणा. मधोमध जाड आस, आसाला चार लांब हात, आणि प्रत्येक हाताला टांगलेला एकेक पाळणा. हल्ली जत्रेत तो विजेवर फिरतो. त्या काळी बारा माणसे तो हातांनी फिरवीत. सगळा सागवानी होता, बरं का.

नगराचा राजा अभयराज. त्याला एकच मुलगी, बकुळा. सहा वर्षांची. वेणी घट्ट, बोलणे स्पष्ट, आणि दुधावरची साय तेवढी न चालणारी. पूर्वी राजा रोज दरबारातून परतला की तिला उचलून खांद्यावर घेई आणि सबंध राजवाडाभर हिंडवी. खांद्यावर बसून ती दारांच्या चौकटींना हात लावी आणि म्हणे, "ही एक. ही दोन." त्या वाड्यात दारे फार होती, त्यामुळे तिला शंभरपर्यंतचे आकडे पाचव्या वर्षीच येत होते.

आता त्या नगरात एक प्रथा होती. नीट ऐका, कारण पुढचे सगळे त्या प्रथेवरूनच घडले. देवीच्या जत्रेत राजघराण्यातल्या सर्वांत लहान मुलाने रहाटपाळण्यात पहिल्याने बसायचे. मग पाळण्याचे सात फेरे व्हायचे. सहा नव्हेत आणि आठ नव्हेत. सातवा फेरा पुरा होईपर्यंत पाळणा थांबवायचा नाही, आणि तोवर चौघडा वाजत ठेवायचा. ते झाले की नगरातली मुले बसत. ती बिचारी पहाटेपासून रांगेत उभी असत.

आदल्या वर्षीच्या जत्रेत बकुळा प्रथमच पाळण्यात बसली. तेव्हा ती पाच वर्षांची होती. पहिल्या फेऱ्याला ती हसली. दुसऱ्या फेऱ्याला गप्प झाली. तिसऱ्या फेऱ्याला ती ओरडली, "थांबवा! मला उतरायचंय!"

पण चौघडा दणाणत होता. खालचे लोक तिचे उघडे तोंड पाहून म्हणाले, "बघा, राजकन्या कशी आनंदाने ओरडते आहे!" मग चौघडेवाल्यांनी दुप्पट जोर केला, आणि बारा माणसांनीही. चार फेरे आणखी झाले. बकुळा खाली आली, तेव्हा तिच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. सर्वांनी तिच्या धैर्याची वाखाणणी केली. ती रडली नाही.

मग दुसऱ्या दिवसापासून सुरुवात झाली. बागेत लाकडी घोड्यांचे चक्र होते, त्याच्या जवळ ती जाईना. आठ दिवसांनी ओटीवरच्या झोपाळ्यावर बसेना. महिन्याने पलंगावर निजेना. पलंग उंच, म्हणून चटईवर झोपू लागली. शेवटी काय झाले? राजा दरबारातून आला, त्याने तिला उचलायला हात पुढे केले, आणि ती दोन पावले मागे सरली.

"नको, बाबा," ती म्हणाली. "माझे पाय खालीच राहू देत."

राजाचे हात तसेच राहिले. त्या दिवसापासून तो राजवाडाभर एकटाच हिंडे, आणि चौकटी मोजायला कोणी नसे.

हसू नका. भीती ही हसण्याची गोष्ट नव्हे.

मग तिची भीती घालवण्याचे उपाय सुरू झाले. पहिला उपाय राजाने केला. त्याने आज्ञा केली. "आमच्या घराण्यात कोणी भीत नाही. बकुळा, झोपाळ्यावर बैस." ती मुलगी आज्ञाधारक होती. ती बसली, दोन्ही हातांनी कड्या घट्ट धरल्या, आणि पांढरीफटक पडली. राजाला पाहवेना. त्याने स्वतःच तिला खाली उतरवले.

दुसरा उपाय आत्यासाहेबांनी केला. आत्यासाहेब म्हणजे राजाची थोरली बहीण, स्वभावाने प्रेमळ, पण जिभेवर ताबा नाही. त्या म्हणाल्या, "अगं, एवढी मोठी घोडी झालीस! शेजारच्या राज्यातली राजकन्या तुझ्याहून लहान आहे, आणि हत्तीवर बसते. बैस बघू घोड्यावर, चिरोटे देते." बकुळा म्हणाली, "आत्यासाहेब, चिरोटे त्या राजकन्येला पाठवा." आणि पाटी घेऊन अभ्यासाला बसली.

तिसरा उपाय प्रधानजींनी केला, आणि तो सर्वांत वाईट. ते गोड आवाजात म्हणाले, "बाळराजे, लाकडी घोड्यावर नुसतं बसायचं. हलवणार नाही. माझा शब्द." बकुळाने विश्वास ठेवला. ती बसली, आणि प्रधानजींनी मागून हळूच चक्राला धक्का दिला. त्यांना वाटले, एकदा फिरली की भीती मोडेल. भीती मोडली नाही. मोडला तो विश्वास. त्यानंतर कोणी "माझा शब्द" म्हटले, की बकुळा आईच्या पदराआड जाई.

असे वर्ष गेले. जत्रा आठ दिवसांवर आली, आणि मग एक नवलच घडले.

रहाटपाळण्याला वर्षातून एकदा एरंडेल घालून फिरवून पाहायचे असते. बारा माणसांनी पाळण्याला जोर लावला. तो हलला नाही. चोवीस माणसांनी जोर लावला. हलला नाही. मग हत्ती आणला. हत्तीने ढुसणी दिली, आणि हत्तीच मागे सरकला. पाळणा उभा तो उभाच.

तेव्हा राजाने गोदाक्काला बोलावणे पाठवले.

गोदाक्का म्हणजे नगरातली म्हातारी सुतारीण. रहाटपाळणा तिच्या पणजोबांनी घडवलेला, आणि त्याची देखभाल तिच्याकडे. हातात लाकूड तासण्यासाठी वाकस, कमरेला एरंडेलाचा बुधला, आणि बोलणे अगदी मोजके. तिला लाकडाची भाषा कळत असे. लाकूड कुरकुरते ना, ते उगाच नव्हे. आपल्याला अर्थ लागत नाही, एवढेच.

गोदाक्काने आसाला कान लावला. बराच वेळ ऐकले. मग म्हणाली, "महाराज, पाळणा म्हणतो, मागल्या जत्रेत एक जीव मला थांब म्हणाला, आणि मी थांबलो नाही. आता तो जीव मला चल म्हणेल, तेव्हाच मी चालेन."

"कोण म्हणालं होतं थांब?" राजाने विचारले.

प्रधानजींनी मान हलवली. बारा माणसांनी एकमेकांकडे पाहिले. कोणालाच काही आठवेना. गोदाक्काचे लक्ष मात्र थोड्या अंतरावर उभ्या असलेल्या राणीच्या पदराआडून दिसणाऱ्या दोन छोट्या पावलांकडे गेले. पावले जमिनीला घट्ट टेकलेली होती, बोटे आत वळवलेली.

गोदाक्का त्या पावलांसमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"बाई, तुम्हाला पाळण्याचं भय वाटतं ना?"

पदर हलला.

"उंच आहे म्हणून?"

"नाही."

"फिरतो म्हणून?"

"नाही."

"मग काय म्हणून?"

बघा हं, सबंध वर्षात हा प्रश्न तिला कोणीही विचारला नव्हता. आज्ञा केली, चिरोटे दाखवले, फसवले. पण विचारले नव्हते. बकुळाने पदरातून तोंड बाहेर काढले आणि अगदी हळू आवाजात सांगितले, "मी थांबवा म्हटलं होतं. कितीतरी वेळा म्हटलं. कुणीच थांबवलं नाही."

राजाने मान खाली घातली.

गोदाक्का म्हणाली, "मी तिथंच उभी होते, बाई. चौघड्यात मला ऐकू आलं नाही. माझी चूक झाली. तुम्ही माफ कराल तर बरं वाटेल."

थोडा विचार करून बकुळा म्हणाली, "बरं."

प्रधानजी पुढे सरसावले. "छान झालं! बाळराजे, आता चटकन चल म्हणा, म्हणजे पाळणा सुरू होईल."

"मी चल म्हटलं, की तुम्ही मला त्यात बसवाल," बकुळा म्हणाली, आणि पुन्हा पदराआड गेली.

मग गोदाक्काने राजाला सांगितले, "महाराज, जत्रेला आठ दिवस आहेत. तेवढे दिवस यांना रोज माझ्याकडे धाडा. पाळण्यात बसायचं की नाही, ते यांचं या ठरवतील. आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. प्रधानजींनी तर मुळीच नाही."

राजाने मान्य केले.

पहिल्या दिवशी गोदाक्काने बकुळाच्या हाती रांगोळीची वाटी दिली. "तुम्हाला जिथून पाळण्याकडे बघवेल, तिथं रेघ ओढा. रेघेच्या पुढं तुम्हाला कुणी नेणार नाही." बकुळाने पार माळाच्या टोकाला रेघ ओढली. दोघी तिथे बसल्या, गूळशेंगदाणे खाल्ले, आणि पाळण्याकडे बघत राहिल्या. एवढेच. दुसऱ्या दिवशी बकुळाने स्वतःच जुनी रेघ पायाने पुसली आणि दहा पावले पुढे नवी ओढली. असे करता करता चौथ्या दिवशी रेघ पाळण्याच्या खांबाशी येऊन पोचली. तेव्हा गोदाक्काने तिला एरंडेलात बुडवलेला बोळा दिला, आणि बकुळाने आसाला तेल लावले. नवा परकर तेलाने माखला. आत्यासाहेब काही म्हणणार होत्या, पण राणीने त्यांच्याकडे नुसते पाहिले.

पाचव्या दिवशी गोदाक्काने चार कोहळे आणले. हा तिच्या घराण्याचा रिवाज होता. जत्रेपूर्वी पाळण्यांत कोहळे बसवून फिरवायचे. कोहळा घरंगळला नाही, तर मूल बसवायचे. घरंगळला, तर पाळणा पुन्हा ठाकठीक करायचा.

"कोहळे भीत नाहीत?" बकुळाने विचारले.

"ते सांगत नाहीत, म्हणून तर नीट बघावं लागतं," गोदाक्का म्हणाली. "आता तुम्ही चल म्हणालात, तर हे चौघे फिरतील. तुम्ही इथंच उभ्या राहा, माझ्याजवळ."

बकुळाने पाळण्याच्या लाकडावर हात ठेवला. खूप वेळ ठेवला. मग म्हणाली, "चल."

आणि काय सांगू! बारा माणसांना, चोवीस माणसांना, हत्तीला न हललेला तो पाळणा आपोआप फिरू लागला. बकुळा दचकली आणि ओरडली, "थांब!" पाळणा जागच्या जागी थांबला. वरचा कोहळा नुसता डुलला.

"चल," बकुळा म्हणाली. चालला. "थांब." थांबला. "चल. थांब. चल. थांब." असे तिने एकवीस वेळा केले. एकविसाव्या वेळी ती खुदकन हसली, वर्षभरात पहिल्यांदा. राजा लांब एका झाडाआड उभा होता. त्याने उपरण्याने डोळे पुसले. राजांनाही डोळे असतात.

सहाव्या दिवशी बकुळा खालच्या पाळण्यात बसली, पण चल म्हणाली नाही. सातव्या दिवशी म्हणाली, आणि पाय जमिनीपासून वीतभर उचलले जाताच थांब म्हणाली. पाळणा थांबला. तिने खाली पाहिले, उतरली, आणि गोदाक्काला म्हणाली, "आज इतकंच." गोदाक्का म्हणाली, "पुष्कळ झालं."

मग जत्रेचा दिवस उजाडला. पहाटेपासून मुलांची रांग लागली. बकुळा तेलाचा डाग पडलेला तोच परकर नेसून आली. राजाने तिच्यासमोर गुडघे टेकले आणि सांगितले, "तू नुसतं चल म्हण. पहिल्यांदा कोहळा बसेल. तुला बसावं लागणार नाही."

बकुळाने पाळण्याकडे पाहिले. रांगेकडे पाहिले. मग म्हणाली, "मी बसते. पण मी थांब म्हटलं, तर?"

"तर थांबेल," राजा म्हणाला. त्याने "माझा शब्द" म्हटले नाही. ते त्याने मुद्दाम टाळले.

ती बसली. गोदाक्काने पाळण्याची कडी लावली. बकुळा म्हणाली, "चल."

पहिला फेरा झाला. ती घट्ट बसून होती. दुसऱ्या फेऱ्याला तिला वरून राजवाड्याची गच्ची दिसली, आणि गच्चीवर वाळत घातलेले आपले हिरवे झबले दिसले. तिला गंमत वाटली. बारा माणसे उगाच पाळण्याला हात लावून जोर केल्यासारखे करीत होती. वर्षानुवर्षांची सवय, दुसरे काय! आणि अशीच एक सवय प्रधानजींना होती. त्यांनी चौघडेवाल्यांना खूण केली. धडाड् धूम, चौघडा सुरू झाला!

तिसऱ्या फेऱ्याला बकुळाने पाळण्याची कडा घट्ट धरली. ती म्हणाली, "थांब."

चौघड्यात कोणालाही ऐकू गेले नाही. पण राजाची नजर तिच्या ओठांवरून क्षणभरही हलली नव्हती. आणि पाळण्याला तर कानच नकोत. तो अर्ध्यावर थबकला. बारा माणसे एकमेकांवर आदळली.

"ढकला, ढकला!" प्रधानजी ओरडले. "अजून चार फेरे आहेत!"

"थांबवा!" राजा गरजला. "चौघडा बंद! माझी मुलगी थांब म्हणाली आहे."

चौघडा बंद झाला. माळावर इतकी शांतता पसरली, की पाळण्याच्या दोरांची करकर ऐकू येऊ लागली.

प्रधानजी कावरेबावरे झाले. "पण महाराज, प्रथा आहे. आपण स्वतः लहानपणी सातही फेरे बसला होतात. आपण कुठं थांब म्हणालात?"

"तिसऱ्या फेऱ्याला मलाही म्हणायचं होतं," राजा म्हणाला. "कुणी ऐकणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून म्हणालो नाही."

हे त्याने आजवर कोणालाही सांगितले नव्हते. राणीलासुद्धा नाही.

वरून बकुळाने ते ऐकले. तिने खाली वाकून आपल्या बाबांकडे पाहिले, आणि पाळण्याला हळूच सांगितले, "आता मला खाली घे." निजलेले बाळ अंथरुणावर ठेवावे, तसा पाळणा अलगद खाली टेकला. गोदाक्काने कडी काढली.

बकुळा चालत राजासमोर आली. वर बघितले.

"बाबा, उचला मला. पण मी थांब म्हटलं की थांबायचं."

राजाने तिला गुडघ्यापर्यंत उचलले आणि थांबला. "पुढं," ती म्हणाली. कमरेपर्यंत उचलले. "पुढं." छातीपर्यंत उचलले. "थांब," ती म्हणाली. राजा थांबला. श्वासही रोखून थांबला. बकुळाने त्याच्या गळ्यात हात टाकले, गालाला गाल लावला, आणि थोड्या वेळाने त्याच्या कानात म्हणाली, "आता खांद्यावर."

मग राजा तिला खांद्यावर घेऊन माळावरून राजवाड्याकडे निघाला. वेशीच्या कमानीला हात लावून बकुळा म्हणाली, "ही एक."

काय रे? मध्ये बोलायचे नाही म्हटले होते ना? बरे, विचार. उरलेले चार फेरे? त्या वर्षी झाले नाहीत. पुढल्या वर्षी ती पाच फेरे बसली म्हणतात. सात कधी झाले, ते मला ठाऊक नाही, आणि कोणी मोजलेही नाहीत. प्रथा मात्र बदलली. हिंदोळनगरात आता पाळण्यात बसलेल्या सर्वांत लहान जिवाने थांब म्हटले, की पाळणा थांबतो. आणि तो फिरत असतो, तोवर चौघडा वाजवत नाहीत. आधी वाजवतात किंवा नंतर. प्रधानजींनाही पुढे माफी मिळाली, पण तीन दिवस मागावी लागली. गोदाक्का, राजा, राणी, आत्यासाहेब, चारही कोहळे, सगळी सुखाने नांदली. कोहळ्यांची पुढे भाजी झाली, ते सोडा.

आता हात पांघरुणात घ्या. डोळे मिटा. मी दिव्याची वात हळूहळू खाली करते आहे. कोणाला फार अंधार वाटला, तर 'थांब' म्हणायचे. मी तिथेच थांबेन.

थोडी आणखी करू?

... बरे. इतकीच राहू दे. झोपा आता.